एक कप मैदा म्हणजे किती ग्रॅम? वाटी-कपाची कृती वजनावर आणण्याची रीत

केक मधोमध फुटला, नानखटाई कोरडी होऊन भुगा झाली, पाव विटेसारखा निघाला. वेंगुर्ल्यात माझ्या घरी बेकिंग शिकायला येणाऱ्यांच्या या नेहमीच्या तक्रारी. संशय आधी ओव्हनवर जातो, मग बेकिंग पावडरवर, मग अंड्यांवर. पिठाच्या मापाकडे कुणी बघत नाही, कारण कप तर भरून, वर सपाट करून घेतलेला असतो.

एकदा तिघींना एकाच डब्यातून, एकाच कपाने मैदा काढायला सांगितला. पहिलीने चमच्याने हळूहळू कपात सोडला आणि सुरीच्या पाठीने सपाट केला. काट्यावर १२१ ग्रॅम भरला. दुसरीने कप थेट डब्यात बुडवून वर काढला आणि सपाट केला, १४६ ग्रॅम. तिसरीने बुडवला, ओट्यावर दोनदा आपटला, खाली बसलेल्या जागी आणखी मैदा घातला आणि मग सपाट केला, १६३ ग्रॅम. तीन कपांच्या कृतीत पहिलीच्या आणि तिसरीच्या पिठात १२६ ग्रॅमचा फरक पडला असता. म्हणजे तिसरीने नकळत चौथा कप घातला असता.

म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा. बहुतेक जण नेटवरचा तक्ता उघडून थेट पाचव्या पायरीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. काटा आणि कप तपासलेला नसेल तर कुणाचाही तक्ता कामाचा नाही.

## आधी काय जमवायचं

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, पाच किलो क्षमतेचा असला की पुरतो. मापाचे कप आणि चमचे, सरळ पाठीची सुरी, एक मोठा कोरडा बाउल, वही आणि पेन. वही विसरू नका. हे काम एकदाच करायचं असतं, पण आकडा लिहून ठेवला नाही तर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

पीठ ज्या डब्यातून रोज काढता त्याच डब्यातलं घ्या. मुंबईहून गाडीत हिंदकळत आलेल्या पिशवीतला मैदा तळाशी गच्च बसलेला असतो. गिरणीतून नुकतंच आणलेलं पीठ गरम आणि फुगलेलं असतं. ते झाकण उघडं ठेवून पूर्ण गार होऊ द्या, मगच मोजा.

## पायरी १: काटा तपासा

काटा ओट्यावर सपाट जागी ठेवा. खाली कापड, पेपर किंवा प्लास्टिकची चटई नको. डोक्यावरचा पंखा बंद करा, वाऱ्याने आकडा दोन-चार ग्रॅम हलत राहतो.

आता १० रुपयांची दोन रंगांची दहा नाणी ठेवा. एक नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं, तेव्हा दहांचे ७७ ग्रॅम यायला हवेत. ७६ ते ७८ च्या दरम्यान आकडा आला तर काटा ठीक आहे. नाण्यांची थप्पी उचलून काट्याच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा. कोपऱ्यागणिक आकडा बदलत असेल तर भांडं नेहमी मधोमध ठेवायची सवय लावा.

मग एकक बघा. बऱ्याच काट्यांना ग्रॅम, औंस आणि मिलीलिटर असे तीन पर्याय असतात आणि एक बटण चुकून दाबलं गेलं की पर्याय बदलतो.

सावध: मिलीलिटरचा पर्याय फक्त पाण्यासाठी, काही काट्यांवर दुधासाठीही, असतो. काटा पिठाचं आकारमान मोजत नाही, तो फक्त वजन पाण्याच्या हिशेबात दाखवतो. "कृतीत २४० मिली पीठ होतं म्हणून मी मिलीवर २४० घेतलं," असं सांगणाऱ्या खूप जणी भेटल्या आहेत. त्यांनी २४० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन कप पीठ घेतलेलं असतं.

आणखी एक गोष्ट. काटा मिनिट-दोन मिनिटांत आपोआप बंद होतो. पीठ चाळत बसलात आणि काटा विझला, की पुन्हा चालू करताना तो भांड्यासकट शून्य धरतो आणि आधी घातलेलं पीठ हिशेबातून जातं. म्हणून रिकाम्या बाउलचं वजन वहीत आधीच लिहून ठेवा. काटा विझला तर बाउल उतरवून काटा चालू करा, बाउल परत ठेवा, आणि एकूण वजनातून ते वजा करून पीठ किती झालं ते कळतं.

## पायरी २: तुमचा कप खरंच किती मिलीचा आहे ते पाण्याने मोजा

कपावर २४० लिहिलेलं असतं, पण त्यावर विसंबू नका. बाजारातल्या स्वस्त संचांत २२५ चे कपही मिळतात आणि २५० चेही.

कोरडा रिकामा कप काट्यावर ठेवा, शून्य करा, साधं पाणी काठापर्यंत भरा. पाण्याचा एक मिलीलिटर म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे जितके ग्रॅम दिसतील तितके मिली. पाणी काठावर फुगून उभं राहतं, म्हणून डोळा काठाच्या पातळीत आणून बघा आणि फुगा सुरीने उतरवा. काही कपांत खूण काठाखाली असते. तिथे पाणी खुणेपर्यंतच भरा आणि पुढे पीठही तिथपर्यंतच.

हेच चमच्यांचं. मोठा चमचा १५ ग्रॅम पाणी, छोटा ५ ग्रॅम. एक ग्रॅमचा काटा इतकं कमी वजन नीट दाखवत नाही, म्हणून दहा छोटे चमचे पाणी एका वाटीत घाला. एकूण ५० च्या आसपास यायला हवं. चहाचा घरातला चमचा इथे चालत नाही. तो तीन मिलीचा असतो, कधी सातचा.

तपासा: कपावर किंवा वहीत खरा आकडा लिहिलात का? लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## पायरी ३: कृती कुठल्या कपाची आहे ते शोधा

आपण मराठी, इंग्रजी, हिंदी सगळ्या कृती एकाच कपाने करतो. अमेरिकी कप २३६.६ मिलीचा, व्यवहारात २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा कप २५० मिलीचा, शिवाय त्यांचा मोठा चमचा १५ नव्हे, २० मिलीचा. ब्रिटनच्या जुन्या कृती बहुधा औंसात असतात. वजनाचा एक औंस २८.३५ ग्रॅमचा. 'आठ औंस मैदा' म्हणजे २२७ ग्रॅम. 'एक कप आठ औंसांचा असतो' हे फक्त पाण्या-दुधासारख्या पातळ पदार्थांना लागू आहे.

कृती कुठली हे लोण्यावरून ओळखता येतं. लोणी 'स्टिक'मध्ये सांगितलं असेल तर कृती अमेरिकी. एक स्टिक म्हणजे अर्धा कप, ११३ ग्रॅम.

देश कळला तरी कप कसा भरायचा हा प्रश्न उरतोच, आणि चूक सगळ्यात जास्त इथेच होते. किंग आर्थर बेकिंग ही अमेरिकी पिठाची कंपनी एक कप मैदा १२० ग्रॅमचा धरते. अमेरिकाज टेस्ट किचन हे तिथलंच कृतींचं घराणं पाच औंसांचा, म्हणजे १४२ ग्रॅमचा धरतं. देश तोच, कप तोच, फरक २२ ग्रॅमचा. एकाच्या कृतीला दुसऱ्याचा आकडा लावलात तर तीन कपांत ६६ ग्रॅम इकडेतिकडे होतात. म्हणून 'एक कप मैदा किती ग्रॅम' याचं एकच उत्तर नाही. उत्तर कृती लिहिणाऱ्याकडे असतं.

ते काढायची युक्ती सोपी आहे. त्याच लेखकाची अशी दुसरी कृती शोधा, जिच्यात कप आणि ग्रॅम दोन्ही दिलेत. ग्रॅमला कपांनी भागा. तिथे अडीच कपांना ३०० ग्रॅम असतील तर त्याचा कप १२० चा, आणि त्याच्या सगळ्या कृतींना तोच आकडा लावा. काहीच सापडलं नाही तर केक-बिस्किटांसाठी १२५ धरा. थोडं कमी धरणं बरं, कारण कमी पडलेलं पीठ मिश्रण बघून चमचाभर वाढवता येतं. जास्त पडलेलं परत काढता येत नाही.

सावध: शब्दांचा क्रम नीट वाचा. 'एक कप चाळलेला मैदा' म्हणजे आधी चाळायचा, मग कपात भरायचा. तो ११० ग्रॅमच्या आसपास भरतो. 'एक कप मैदा, चाळून' म्हणजे आधी मोजायचा, मग चाळायचा. तो नेहमीच्या कपाइतकाच.

## पायरी ४: तुमचं पीठ तीनदा मोजा

नेटवरचे तक्ते दुसऱ्याच्या डब्यातल्या पिठाचे असतात. तुमच्या डब्याचा आकडा तुम्हीच काढा.

डब्यातलं पीठ चमच्याने वर-खाली करून मोकळं करा. बाउल काट्यावर ठेवून शून्य करा. कप हातात किंवा ताटलीत धरा, काट्यावर नाही. चमच्याने पीठ हलक्या हाताने कपात सोडत जा, शीग येईपर्यंत. दाबू नका, आपटू नका. सुरीच्या सरळ पाठीने एकाच फटक्यात शीग उतरवा. कपातलं पीठ बाउलमध्ये ओता, आकडा लिहा, पुन्हा शून्य करा. असं तीनदा.

तिन्ही आकडे पाच-सहा ग्रॅमच्या आत असतील तर त्यांची सरासरी तुमचा आकडा. एखादा फटकून असेल तर तो सोडा आणि पुन्हा मोजा, हात एकसारखा पडलेला नाही.

ताळा करायला म्हणून २४० मिलीच्या कपाचे, हलक्या हाताने भरलेले, साधारण आकडे देते. तुमचा आकडा यांच्या आसपास आला पाहिजे, तंतोतंत नव्हे:

- मैदा १२० ते १२५ ग्रॅम
- गव्हाचं पीठ ११५ ते १३०, कोंडा किती आणि दळण किती बारीक त्यावर
- तांदळाचं पीठ १४० ते १६०
- बारीक रवा १६० ते १८०
- कोको पावडर ८५ ते १००
- पिठीसाखर ११५ ते १२०, बारीक साखर २००
- लोणी २२७, तेल २१८, दूध आणि दही २४५

तांदळाच्या आणि रव्याच्या रांगेकडे पुन्हा बघा. मैद्याच्या जागी तेवढेच कप रवा घातला तर वजनाने जवळजवळ दीडपट जातो. आपल्याकडच्या रव्याच्या केकच्या कृती मैद्याच्या कृतीवरून बेतलेल्या असतात आणि म्हणूनच त्या अनेकदा घट्ट होतात. अदलाबदल करायची असेल तर ग्रॅमला ग्रॅम करा. मैद्याच्या जागी चक्कीचं गव्हाचं पीठ वजनाने तेवढंच घेतलं तरी दूध किंवा पाणी जास्त लागेल, कारण चक्कीच्या पिठाला पाणी जास्त लागतं. तिथे वजन चुकलेलं नसतं, पीठ बदललेलं असतं.

मोदकाची पिठी, म्हणजे तांदूळ धुऊन वाळवून दळलेली, आणि कोरड्या तांदळाचं पीठ हे दोन वेगळे जिन्नस समजा आणि वेगळे मोजा. रवा भाजायचा असेल तर भाजण्याआधीच वजन करा. भाजताना त्यातलं पाणी उडतं.

## पायरी ५: कृती ग्रॅममध्ये लिहून काढा

आता गुणाकार. समजा अमेरिकी केकच्या कृतीत सव्वादोन कप मैदा आहे आणि लेखकाचा कप १२० चा. २.२५ गुणिले १२०, म्हणजे २७० ग्रॅम. हाच मैदा कप बुडवून काढला असता, कपाला १५० धरले, तर ३३७ ग्रॅम गेला असता. ६७ ग्रॅम जास्तीचा मैदा म्हणजे अर्ध्या कपाहून अधिक. केक कोरडा का होतो ते इथे दिसतं.

१२० च्या कपाचे तुकडे पाठच करा: पाऊण कप ९०, दोन तृतीयांश ८०, अर्धा ६०, एक तृतीयांश ४०, पाव ३०, एक मोठा चमचा साडेसात.

पूर्ण कृती नव्याने लिहा, जुन्या कागदावर कपांच्या बाजूला ग्रॅम खरडू नका. घाईत नजर जुन्या आकड्यावर जाते. पीठ, साखर, लोणी, दूध, दही, कोको सगळं ग्रॅममध्ये आणा. सोडा, बेकिंग पावडर, मीठ, वेलची मात्र चमच्यातच राहू द्या. एक ग्रॅमच्या काट्यावर तीन ग्रॅम सोडा मोजायला गेलात तर दोन पडतील की चार, सांगता येत नाही. चमचा सपाट करून घेतला की पुरे.

अंड्यांचंही वजन करा. अमेरिकी कृतीतलं 'मोठं' अंडं कवचाशिवाय ५० ग्रॅमचं धरतात. गावठी अंडी बरीच लहान असतात. तीन अंडी लिहिली असतील तर १५० ग्रॅम होईपर्यंत फोडा, मग ती चार लागोत.

तपासा: पातळ पदार्थांना पिठाचा आकडा लावला नाहीत ना? 'एक कप दूध' समोर चुकून १२० लिहिलेली वही मी पाहिली आहे.

## पायरी ६: अर्ध्या प्रमाणात करून बघा

पहिल्यांदा अर्धीच कृती करा. ग्रॅममध्ये असल्यामुळे निम्मं करणं दोन मिनिटांचं काम आहे. पिठातलं कपामागे दहा-पंधरा ग्रॅम बाजूला काढून ठेवा. मिश्रण चमच्यातून कसं पडतं ते बघा. केकचं मिश्रण चमचा तिरका केल्यावर जाड पट्टीसारखं सावकाश घसरायला हवं. दुधासारखं वाहत असेल तर बाजूचं पीठ घाला, चमच्याला चिकटून गोळा राहत असेल तर घालू नका. शेवटी खरोखर किती पीठ गेलं ते लिहा. तोच तुमच्या वहीतला पक्का आकडा.

भांडं बदललं तर प्रमाणही आता हिशेबाने बदलता येतं. सहा इंची गोल भांड्याची कृती आठ इंचीत करायची असेल तर ६४ भागिले ३६, म्हणजे १.७८ ने सगळे आकडे गुणा. 'दुप्पट करते' म्हणून केलेला केक भांड्याबाहेर येतो.

## पायरी ७: घरच्या वाटीची कृती

परदेशी कपापेक्षा हे अवघड आहे, कारण माप लिहिणाऱ्या बाईच्या हातात असतं.

आमच्याकडे श्रावणात धोंडस, म्हणजे काकडीचा केक, होतं. कुणी तवसोळी म्हणतं. जून झालेल्या तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, कीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं. पूर्वी खाली-वर निखारे ठेवून भाजायचे, आता ओव्हनमध्ये. सासूबाईंच्या वहीत 'रवा दोन वाट्या' एवढंच होतं. त्यांची वाटी पाण्याने मोजली, १७० मिली निघाली. मी सपाट भरून रवा मोजला, ११८ ग्रॅम. धोंडस दोनदा सैल आलं, सुरीला चिकटलं. तिसऱ्या वेळी वाटी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, आई, तुम्ही भरा, मी बघते. त्यांनी डब्यात वाटी खुपसली आणि शिगोशीग भरून वर काढली. १५१ ग्रॅम. त्यांच्या लेखी वाटी म्हणजे शीग लावलेलीच, त्यात वेगळं लिहिण्यासारखं काय होतं?

तेव्हा रीत अशी: ज्यांची कृती आहे त्यांच्याच हाताने, त्यांच्याच वाटीने भरून घ्या. मधे बोलू नका, 'सपाट करा' म्हणू नका. प्रत्येक जिन्नस त्यांनी भांड्यात घालण्याआधी काट्यावरून जाऊ द्या. 'थोडं आणखी' म्हणून नंतर घातलेली मूठही मोजा. खरं प्रमाण बहुधा त्या मुठीत असतं.

तवशाचा कीस रसासकट मोजा. धोंडसात वेगळं पाणी नसतं, रव्याला लागणारं पाणी याच रसातून येतं. कीस पिळून मोजलात तर सगळा हिशेब बिघडेल. गूळ आणि खवलेला नारळ तर वाटीने कधीच घेऊ नका. गूळ चिरलेला की किसलेला, खोबरं मोकळं की दाबलेलं, यावर वाटीतलं वजन खूप बदलतं.

## पावसाळ्यात काय बदलतं

जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या हवेत पीठ पाणी ओढतं. ओलसर पिठाच्या गुठळ्या होतात, कपात ते कधी पोकळ भरतं, कधी गच्च. वजनाने ही अडचण जवळजवळ संपते, पण पुरती नाही. समजा ५०० ग्रॅम पिठाने दोन टक्के पाणी जास्त ओढलंय. काटा ५०० च दाखवेल, पण त्यात दहा ग्रॅम पाणी आहे. केकला याने काही होत नाही. पावाच्या कणकेला होतं. म्हणून पावसात पाव करताना दोन मोठे चमचे पाणी मागे ठेवा आणि मळून झाल्यावर लागलं तरच घाला. पीठ कमी-जास्त करू नका, पाणी करा.

किड्यांच्या भीतीने पीठ फ्रिजमध्ये ठेवत असाल तर डबा बाहेर काढल्याबरोबर उघडू नका. थंड पिठावर दमट हवेतलं पाणी लगेच धरतं. बंद डबा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा, मग मोजा.

शेवटी प्रत्येक पिठाची एक चिठ्ठी करून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा: पिठाचं नाव, कंपनी किंवा गिरणी, कपाचे ग्रॅम, तारीख. कंपनी बदलली, गिरणी बदलली, किंवा पावसाळा सुरू झाला आणि संपला, की चौथी पायरी पुन्हा करा आणि चिठ्ठी बदला. तीनदा मोजायला पाच मिनिटं लागतात.